दार नसलेल्या घरातली मांजर

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर आज माझ्याच्यानं टायपिंग व्हायचं नाही. समोर सरकारी पत्राचा उतारा ठेवलाय, "उपरोक्त विषयास अनुसरून" वगैरे, आणि बोटं दुसरंच काहीतरी मारतायत. क्लासचे सर म्हणतात, स्पीड वाढवायचा तर मनात येईल ते मारत सुटा, कागद वाया गेला तरी चालेल. मग मी हेच मारते.

झालं असं की सकाळी खोलीवरच्या मैत्रिणीनं विचारलं, तुमच्या गावात घरांना दारं नसतात म्हणे, मग तुमची मांजर पळून जात नाही का. मी सांगायला तोंड उघडलं आणि क्लासची वेळ झाली. नगरातल्या उन्हातनं इथवर चालत आले, पण डोळ्यापुढं रस्ता नव्हताच. डोळ्यापुढं ती छावणी, ते डालगं आणि आईचा चेहरा.

आमचं गाव शिंगणापूर, शनीचं. चोरी केली तर शनी बघून घेतो, अशी श्रद्धा. घराला चौकट असते, उंबरा असतो, दार नसतं. पेटीला कुलूप नसतं. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला दाराचं वाटतं. नगरला आल्यावर पहिले काही दिवस मला कडी लावायचं लक्षातच राहायचं नाही. पण बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. आमच्याकडं तांब्या जागेवर नसला तरी आई म्हणणार, "आसंल कुठंतरी," आणि गप्प बसणार. सापडला तर सापडला. तोंडानं त्याच्यापुढचा शब्द काढायचा नाही.

तर मांजर आली ती दुष्काळाच्या साली, उन्हाळ्यात. चौकटीतनं सरळ आत आली आणि चुलीपाशी बसली, माहेराला आल्यासारखी. करड्या रंगाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. तेव्हा आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, दोघंही सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मी अकरावीचा, मॅट्रिकचा पेपर देऊन निकालाची वाट बघत घरी बसलेली. बैल छावणीत. दुधाचं नाव नव्हतं. आबा म्हणाले, माणसांना रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी गिळंना आणि हिला काय घालणार. मी कामावर वाटायची ती सुकडी पाण्यात कालवून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती चाटूनपुसून खाल्ली आणि वर माझं बोट चाटलं. मग काय, राहिली. आबा तिला "पाव्हनी" म्हणायचे, जरा कुचकटपणानंच. "पाव्हनी जेवली का? मंग आता आमी बसू का?"

पंधरवडा झाला असेल नसेल. एका सकाळी बघते तर पाव्हणी कोपऱ्यात बसलेली, तोंड अर्धवट उघडं, खालनं लाळेची तार लोंबतेय. पाणी ठेवलं तर वाटीवर वाकायची, तोंड लावायची आणि झटकन मागं व्हायची. आवाज बसलेला. मधूनच पंज्यानं स्वतःच्याच गालावर मारायची. सुकडी आदल्या दिवसापासून तशीच पडलेली. मी आबांना हाक मारली. आबांनी तिला मानेला धरलं, काय अडकलंय का बघायला तोंडात बोट घातलं, आणि ती चावली. अशी चावली की बोटाला दोन बाजूंनी रक्त आलं.

शेजारच्या चौकटीतनं काकू आली. काकू म्हणजे माझी चुलती, तिचं घर आमच्या घराला लागूनच. तिनं मांजरीकडं बघितलं, आबांच्या बोटाकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"पिसाळली ही," ती म्हणाली.

त्याच महिन्यात खालच्या वस्तीवर पिसाळलेलं कुत्रं एका गाईला चावलेलं. ती गाय कशी हंबरत मेली ते सगळ्यांनी बघितलेलं. त्यामुळं काकू एवढंच बोलली तरी सगळ्यांना सगळं समजलं. आबांनी बोट साबणानं खळाखळा धुतलं, चिंधी बांधली, माझ्याकडं न बघता म्हणाले, संध्याकाळी कामावरनं आलो की हिला पोत्यात घालतो. कोरड्या विहिरीवर नेतो. काकू पुटपुटली की मांजर मारली तर सोन्याची मांजर काशीला न्यावी लागते. आबा म्हणाले, "मंग तू ने काशीला. बोट माजं गेलंय." आणि ते कामावर निघून गेले.

मला रडायलाही सुचेना. संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. मी आईला म्हटलं, आपण हिला गुरांच्या डॉक्टरकडं नेऊ, सडकेवरच्या बाजारगावात दवाखाना आहे. मला वाटलं आई म्हणणार, येडी झालीस का, मांजरीला कोण डॉक्टर दाखवतं. पण आई उठली. काकूचं कोंबड्या झाकायचं डालगं आणलं. मांजरीला फाटक्या पोत्यात गुंडाळून पाटीत ठेवलं, वर डालगं उपडं घातलं, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं आवळून बांधलं आणि डोक्यावर घेतलं. "चल," म्हणाली. कामावरची हजेरी बुडाली तरी एक शब्द नाही. मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं, कारण आईचं आणि पाव्हणीचं काही फार सख्य नव्हतं.

रस्ताभर आई बोलली नाही. आणि माझी आई बोलत नाही असं होत नाही. ती चुलीशी बोलते, खडीशी बोलते. त्या दिवशी फक्त तिच्या चपलांचा आवाज आणि डालग्यातनं मधूनच एक घोगरा सूर. समोरनं एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन आला. त्यानं विचारलं, "कोंबडी इकाया निगाली का बाय?" एरवी आईनं त्याला चार वाक्यं ऐकवली असती. ती नुसतीच पुढं चालत राहिली. मी मागनं म्हटलं, मांजर आहे. तो थांबून बघतच राहिला.

दवाखान्यात पोचलो तर खोलीला कुलूप. पानवाल्यानं सांगितलं, डॉक्टर हल्ली इथं बसतच नाहीत, सारखे छावणीवर. छावणी म्हणजे पुढं माळावर. ऊन असं की डालग्यातला आवाजही थांबला. मी दर थोड्या वेळानं आईला थांबवायची, काड्यांमधनं बोट घालायची, तिच्या अंगाला लावून बघायची. धापा टाकतेय म्हणजे जिवंत आहे. चल.

छावणी तुम्ही बघितली असेल तर सांगायला नको. रांगेनं बांधलेली गुरं, उसाच्या वाढ्यांचे ढीग, शेणाचा आणि औषधाचा वास, आणि प्रत्येक दाव्याच्या टोकाशी एक माणूस उकिडवा बसलेला. डॉक्टर एका आडव्या पडलेल्या बैलापाशी गुडघ्यावर बसले होते. तरुण होते, पुण्याकडचे असावेत, बोलण्यावरनं तसं वाटलं. आजूबाजूला दहाबारा माणसं. आईनं पाटी खाली ठेवली आणि चिंधी सोडली. आत मांजर बघून एक मिशाळ गडी मोठ्यानं हसला.

"हितं बैलांना काडी न्हाई," तो म्हणाला, "आन ह्या मांजरीला औषिद आनत्यात. उद्या उंदीर घिऊन येतील."

सगळे हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लाळ बघितली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. कुणाला चावली का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडिलांना, सकाळी. खाते का? कालपासून नाही. पाणी? वाकते पण पीत नाही. प्रत्येक उत्तराला डॉक्टर थोडे थोडे मागं सरकत होते, आणि हसणारी माणसं आणखी मागं. तो मिशाळ तर बैलाच्या पलीकडं गेला.

डॉक्टर म्हणाले, लक्षणं चांगली नाहीत. मी हिचं तोंड उघडणार नाही, तुम्हीही उघडू नका. हिला परत गावात नेऊ नका. वडिलांना उद्याच नगरला सिव्हिलमध्ये पाठवा, पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील. आणि ते उठून हात धुवायला वळले.

एवढं चालत येऊन मी तिला मरायलाच आणलं होतं. आणि तेवढ्यात पाव्हणीनं पोत्यातनं एक पंजा बाहेर काढला आणि स्वतःच्या गालावर मारला. एकदा, दोनदा, पुन्हा त्याच बाजूला.

डॉक्टर हात धुता धुता बघत होते. हात तसेच ओले ठेवून परत आले, पण लांबच उभे राहिले.

"हे कधीपासून करते?"

मी म्हटलं, पहिल्यापासून. मग त्यांनी भराभरा विचारलं. घरात मासे करता? नाही, आम्ही माळकरी. मग कुणाच्या घरचं हाड वगैरे? यंदा हाड कुणाच्या घरात असणार. मग त्यांनी विचारलं, घरातलं काही हरवलंय का, बारीक, टोकदार, खिळा, पिन, काहीही.

आणि मी, कसली हुशार, मान ताठ करून म्हणाले, "आमच्या गावात काही हरवत नाही."

"शनीचं गाव हाय त्यांचं, सायेब," तो मिशाळ गडी बैलापलीकडनं म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तिथली काडी हिकडची तिकडं हुत न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणजे तो विषय संपला. ते पुन्हा वळले.

"सुई," आई म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. ती खाली बघत होती, चिंधीचं टोक बोटाभोवती गुंडाळत.

"वाकळंची सुई. लांब. आईतवारी बसलो व्हतो शिवाया. लाल दोरा व्हता तिला."

मला एकदम सगळं दिसलं. रविवारी कामाला सुट्टी होती आणि आई नि काकू दिवसभर अंगणात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवत बसल्या होत्या. नवीकोरी वाकळ, पण आईनं ती दोरीवर टांगून ठेवली आणि कुणाला अंगावर घेऊ दिली नाही. मला वाटलं पाहुण्यांसाठी राखून ठेवलीय. ती रोज रात्री हातानं चाचपून सुई शोधत होती. आणि तोंडातनं शब्द काढत नव्हती, कारण त्या दिवशी तिच्याबरोबर एकटी काकू होती. सुई कुठंय असं विचारणं म्हणजे काकूवर चोरीचा आळ घेणं. आमच्या गावात हे विचारत नाहीत.

त्यानंतरचं सगळं फार भराभर झालं, पण मला ते फार हळू आठवतं. डॉक्टरांनी दोन पोती मागितली. त्यांनी गुरांसाठीचे कातडी हातमोजे आणून चढवले, कोपरापर्यंत. मी विचारलं, झोपेचं औषध नाही का. ते म्हणाले, माझ्याकडं जे आहे ते बैलाचं आहे, तिला दिलं तर ती उठायचीच नाही. मांजरीला पोत्यात घट्ट गुंडाळलं, नुसतं डोकं बाहेर. धरायला कुणी पुढं येईना. आई बसली, आणि मग तो मिशाळ गडी, काही न बोलता, बैलाला वळसा घालून आला आणि त्यानं मागच्या बाजूनं पोतं दाबून धरलं. डॉक्टरांनी मांजरीच्या तोंडात आडवी काठी दिली, ती तिनं कडकन चावली. बॅटरी माझ्या हातात होती. उजेड सगळ्या तोंडभर नाचत होता.

"स्थिर धर," डॉक्टर म्हणाले. "जिभेखाली बघ. दिसतंय?"

जिभेच्या बुडाला लाल रेघ. रक्त नव्हतं ते, दोरा होता, जिभेखालनं काचलेला. मी म्हटलं, ओढा ना. ते म्हणाले, ओढला तर जीभ कापेल, आणि दुसरं टोक पोटात गेलं असेल तर आतडं. ते बराच वेळ चिमटा घेऊन चाचपत होते. घाम त्यांच्या नाकावरनं टपकत होता. पाव्हणीचे डोळे अर्धे मिटले. मला वाटलं, गेली. मिशाळ गडी खालच्या आवाजात "विठ्ठल, विठ्ठल" करत होता. आई पोतं आवळून बसलेली. मग डॉक्टरांनी वरच्या टाळूला चिमटा लावला, जरासं वाकडं करून मागं घेतलं, आणि ती बाहेर आली. पूर्ण सुई. त्यांनी जिभेखालचा दोरा कात्रीनं कापला, हळूच सोडवला, दोन्ही टोकं बोटांवर ठेवून जोडून बघितली. आत काही राहिलं नव्हतं.

पाव्हणीनं तोंड मिटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. मिशाळ गड्यानं स्वतःच्या डब्यातलं पाणी द्रोणात ओतलं आणि तिच्यापुढं धरलं. ती चपचप आवाज करत प्यायला लागली.

पण डॉक्टर म्हणाले, सुई निघाली म्हणजे सगळं सुटलं असं नाही. दहा दिवस हिच्यावर नजर ठेवायची. दहा दिवस चांगली राहिली तर वडिलांना इंजेक्शनं नकोत. मधेच मेली किंवा पळाली, तर लगेच नगरला. "खोलीत ठेवा आणि दार लावून घ्या," ते म्हणाले. मी आणि आईनं एकमेकींकडं बघितलं. मिशाळ गडीच हसायला लागला. त्यानं डॉक्टरांना समजावलं की ह्यांच्याकडं दारच नसतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. आबा चौकटीत बसले होते, मांडीवर घडी केलेलं पोतं. काकू त्यांच्यापाशी उभी. आईनं पाटी खाली ठेवली, डालग्याच्या कडेला टोचून आणलेली सुई काढली आणि काकूच्या तळहातावर ठेवली.

"ही तर आपल्या वाकळंची," काकू म्हणाली.

"व्हय."

"मंग आईतवारीच इचारायचं न्हाईस का मला?"

"तू एकलीच व्हतीस माज्याबरूबर," आई म्हणाली. "इचारलं आसतं म्हंजी?"

काकूनं सुई पदराला टोचली. मग म्हणाली, "सुईची चोर झाले आसते, आनि काय. ही मुकी तर तडफडली नसती." आणि डोळे पुसायला घरात गेली. आई तिच्या मागोमाग गेली. दोघी आत किती वेळ होत्या कोण जाणे, बाहेर आल्या त्या कोऱ्या चहाचा कप घेऊनच.

मी आबांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मारली असती तर ती बरी राहिली असती का हे कधी समजलंच नसतं, आणि इंजेक्शनं मात्र पोटात घ्यावी लागली असती, हे जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं. आबांनी चिंधी बांधलेलं बोट बघितलं, चौकट बघितली. मग मांडीवरचं पोतं उलगडलं आणि चुलीपाशी अंथरलं.

मग सुरू झाली राखण. रात्री डालग्याखाली, वर दगड. काकूला आधी पटेना, शनीच्या गावात कोंडून ठेवायचं म्हणजे कसं. आबा म्हणाले, कोंबड्या झाकतेसच की. दिवसा मी तिच्यापाशी बसायची. आबा कामावरनं आले की आधी तिच्याकडं बघायचे, मग पाण्याकडं. पाव्हणी जेवली का, हे आता वेगळ्याच आवाजात विचारायचे. माणूस स्वतःची नाडी बघतो ना, तसं.

आणि दहा दिवस भरायला थोडेच राहिले असताना ती गेली. पाण्याचा टँकर आला म्हणून मी हंडा घेऊन पळाले, परत आले तर पोतं रिकामं. मी आळीत हाका मारत सुटले. आमच्या गावात शोधणं सोपं, एकही घर बंद नाही. बायका प्रत्येक चौकटीतनं आत बघत गेल्या, चुलीमागं, कणगीमागं, उतरंडीमागं. नाही. आबा आले. मी सांगितलं. ते नुसते उंबऱ्यावर बसले आणि बोटाची जखम दाबून बघायला लागले. आई म्हणाली, सकाळच्या गाडीनं नगरला जाऊ. ते म्हणाले, "जाऊ."

दिवेलागण झाली. आईनं कंदील लावला. कुणाला भूक नव्हती. आणि पाव्हणी चौकटीतनं आत आली, जशी पहिल्या दिवशी आली होती, अगदी घरची. तोंडात उंदीर. तो तिनं आबांच्या पायाशी ठेवला, वर बघितलं आणि अंग चाटायला बसली.

आबांना हसू आवरेना, आणि डोळ्यातनं पाणीही. "आलीस व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, आता पोटात टोचून घ्याया लावतीस." मग मला म्हणाले, डालगं नको आज, राहू दे तिला तशीच. मी तरी डालगं घातलंच. दहा दिवस म्हणजे दहा दिवस.

आबांना काही झालं नाही. पाव्हणी अजून आहे, आता जाडजूड. आणि आमच्या घरात एक नवीन चाल पडलीय. काकू येते, चौकटीतनंच विचारते, "माजं उलथनं बघितलं का गं?" आणि आई तिथनंच ओरडते, "न्हाई, आन माजी गाळनी?" कुणी कुणावर संशय घेत नाही. नुसतं विचारतात.

तर मैत्रिणीला उत्तर असं की जाते ती, रोज जाते. दार नाही, कोण अडवणार. संध्याकाळी येते.

उतारा तसाच राहिला, सर माझ्याकडंच बघतायत, पण एवढं विचारते आणि कागद काढते. तुमच्या घरात असं झालंय का कधी, की एक साधी गोष्ट कुणाचं मन दुखेल म्हणून कुणीच विचारली नाही, आणि ती तिसऱ्याच मुक्या जिवाला टोचत राहिली?